लोक अडाणी नाहीत, मंत्रिमहोदय

माननीय आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

मी लसीकरण केंद्रावरची परिचारिका. कोविडच्या नव्या लसीकडे लोक पाठ फिरवतात याला आपल्या खात्याने परवा 'अज्ञान' म्हटलं. ते वाचून हे पत्र लिहायला घेतलं.

माझ्यासमोर बाही वर करून बसणारा माणूस बहुतेकदा एकच विचारतो : "एवढ्या लवकर कशी आली हो?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला चांगलं उत्तरही आहे. चाचण्यांचे टप्पे एकामागून एक न घेता काही अंशी एकाच वेळी चालवले, निकाल हाती येण्याआधीच उत्पादन सुरू केलं आणि तोट्याची जोखीम सरकारांनी उचलली. एमआरएनए तंत्र (शरीरातल्या पेशींना विषाणूचा एक तुकडा बनवायची सूचना देणारं) तर जुनंच. कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांचा त्यावरचा महत्त्वाचा शोधनिबंध २००५ चा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. आपल्या जाहिरातीत मात्र फक्त 'लस सुरक्षित आहे' एवढंच.

तेवढ्याने भागत नाही. उद्या ताप येईल, अंग मोडून येईल, हे मी आधी सांगितलं तर माणूस दुसऱ्या डोसला परत येतो. नाही सांगितलं तर तोच दहा जणांना परत फिरवतो. फिलिपिन्समध्ये डेंग्यूची नवी लस आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना पुढे तो अधिक तीव्र होऊ शकतो, हे कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. मग आईबाप इतर लसींनाही बिचकू लागले, आणि २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली.

उलट डेन्मार्क बघा. रक्ताच्या दुर्मीळ गुठळ्यांमुळे त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस कारण सांगून मोहिमेतून काढली, तरी तिथले लोक लस घेतच राहिले. (त्यांच्याकडे दुसऱ्या लसी होत्या, साथही आटोक्यात होती, हे कबूल.)

म्हणून मागणं थोडकंच आहे. लसीनंतरच्या त्रासाची आणि मृत्यूंची नोंद दर आठवड्याला जाहीर करा. त्यातले किती लसीमुळे, किती योगायोगाने, किती अजून तपासात, हेही लिहा. सक्तीची भाषा तूर्त बाजूला ठेवा. आणि काही वाईट बातमी असेल तर ती पत्रकार परिषदेच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला कळवा. सकाळी रांगेतला पहिला माणूस तुम्हाला नाही, मला विचारणार आहे.

आपली,
एक परिचारिका