बाळंतिणींसाठी सकाळचं चालणं, सोमवारपासून

मंडळातल्या ताई-मावशींना नमस्कार.

घरी सून किंवा लेक बाळंतीण असेल त्यांनी हे जरूर वाचा. सोमवारपासून सकाळी साडेसहाला मेहरूण तलावाच्या काठी सावकाश चालायचं, ऊन तापायच्या आत घरी. सुरुवातीला दहाच मिनिटं. चालताना गप्पा मारता येतील एवढाच वेग. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच या. सव्वा महिना घरात पाळत असाल तर अंगणात, गच्चीवर फेऱ्या मारू द्या, तेही चालतं.

बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येतं, ते बहुतेक आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटूनही मन उदास, बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, तर कृपा करून ‘नखरे करते’ म्हणू नका. हा आजार आहे आणि तो बरा होतो. चालण्याने मन हलकं व्हायला मदत होते, पण डॉक्टरांचे उपचार त्यामुळे टाळायचे नाहीत. स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचे विचार ती बोलली, तर एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो.

सासूबाईंनो, तेवढा वेळ बाळ तुम्ही सांभाळा. येणाऱ्यांची नावं रविवारपर्यंत ग्रुपवर टाका.