एकादशी, तात्या आणि खाडीतले रोहित

कोपरी, ठाणे पूर्व
मार्च, रविवार दुपार

प्रिय दिग्या,

घोटा मोडून घेतलास तो घेतलास, वर फोनवर हुकूम सोडलास की ‘फोटो पाठवू नकोस, बसून नीट लिही.’ त्यामुळे जेवण झाल्या झाल्या बसलोय. पंचवीसेक वर्षांनी हातानं पत्र लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझी दुर्बीणही सोबत घेऊन गेलो होतो. कोल्हापूरला जाताना ‘नंतर नेतो’ म्हणालास, ते नंतर अजून आलेलं नाही. डाव्या भिंगाला बुरशी धरलीय. एका डोळ्यानं बघितलं तर उत्तम चालते.

तर ऐरोलीच्या खाडीवर जाऊन आलो. आपल्याच खाडीवर. शाळा बुडवून आपण चेंदणी बंदरावर निवट्या धरायला जायचो ती हीच खाडी, फक्त थोडी खाली, जिथं ती रुंद होत जाते. आता तिथं दिवा गावाच्या अंगाला वनखात्याच्या कांदळवन विभागाचं केंद्र झालंय. होडीनं नेऊन फ्लेमिंगो दाखवतात. मराठीत रोहित म्हणतात त्यांना, अग्निपंखही म्हणतात. आमच्या होडीत मात्र सगळे ‘फ्लेमिंगो, फ्लेमिंगो’च करत होते.

खरं म्हणजे ही दुसरी खेप. पहिल्यांदा आठवड्यापूर्वी ऐटीत दहा वाजता जाऊन थडकलो. खाडी आटलेली, धक्क्यापासून लांबपर्यंत नुसता काळा चिखल. तिकीट-खिडकीवरचा पोरगा म्हणाला, ‘काका, होडी घड्याळावर नाही, भरतीवर सुटते.’ ठाण्यात जन्म काढून मला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं! घरी येऊन बोललो तर आमचे तीर्थरूप तात्या पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ. मीही येतो.’ कंपनीतला एक चेंदणीचा कोळी त्यांना हा हिशेब सांगून गेला होता म्हणे. आत खाडीत पाणी थोडं उशिरा चढतं, एवढाच काय तो फरक.

तात्या आता ८१ वर्षांचे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण एकादशी सुटत नाही. म्हणून काल सकाळी आम्ही दोघं, डब्यात साबुदाण्याची खिचडी, थर्मासात चहा, आणि तुझी एकाक्ष दुर्बीण.

धक्क्याआधी तिवरांतून लाकडी पायवाट काढलीय. तू आला असतास तर तिथंच अर्धा तास मोडला असतास. चिखलातून वर आलेली मुळं बघ, हजारो पेन्सिली टोकं वर करून रोवाव्यात तशी. झाडं त्यातून श्वास घेतात. सोबत केंद्रातली एक मुलगी होती, प्राणिशास्त्र शिकलेली, तिनं तिवराचं पान तोंडाला लावून बघायला सांगितलं. खारट! नको असलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. तात्यांनी पान चाटलं, दोन मिनिटं विचार केला आणि तिला गंभीरपणे विचारलं, ‘हे समुद्राचं मीठ. सैंधव नव्हे. उपासाला चालेल का?’ ती बिचारी चाचपडली. म्हातारा गालातल्या गालात हसत होता.

होडीत अठरा-वीस जण असू. भगव्या रंगाची जाकिटं घालून आम्ही सगळे एखाद्या दिंडीसारखे दिसत होतो. होडी दिवा कोळीवाड्यातल्या एकाची, माझ्याच वयाचा. पाणी चढत होतं पण अजून भरलं नव्हतं, आणि नेमकी हीच वेळ साधायची असते. ओहोटीला पक्षी चिखलभर पसरलेले असतात, आणि होडीला पाणी नसतं. पूर्ण भरतीला होडीला पाणी असतं, पण चिखल बुडाल्यामुळे पक्षी उठून नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे नाहीतर भांडुपच्या उदंचन केंद्राकडे (पंपिंग स्टेशन रे) गेलेले असतात. मधल्या तासा-दीड तासात चिखलाची पट्टी आकसत जाते आणि सगळी पंगत काठाला येऊन बसते.

आधी बारीकसारीक मंडळी दिसली. शेकाट्या तर ओळखशील, लाल काड्यांवर उभा असल्यासारखा. मळगुजांचा मोठा थवा होता, शंभरभर तरी. ते सगळे एकदम वळले की पंखांवरचे पांढरे पट्टे चमकायचे. तुताऱ्या, चिलखे, एक राखी बगळा, तिवराच्या शेंड्यावर ब्राह्मणी घार. ती मुलगी नावं सांगत होती आणि होडीतले लोक ‘फ्लेमिंगो कुठंयत?’ विचारत होते. मला तिची दया आली. सायबेरियाच्या बाजूनं हजारो मैल उडून आलेल्या पाखराला इथं कुणी ‘बस’ म्हणत नाही, कारण ते गुलाबी नाही.

मग एका वळणावर दिसले.

दिग्या, मी ते नीट सांगू शकणार नाही. आधी वाटलं तिवरांच्या पायथ्याशी कुणीतरी साड्या वाळत घातल्यात. लांबच लांब, फिक्या गुलाबी. मग ती रांग हलली. आवाज मात्र मुळीच देखणा नाही हां. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बसायच्या आधी जो गलका असतो, त्यात चार-दोन बदकं सोडावीत, तसा. हजारो मुंडकी खाली चिखलात, चोच उलटी. उलटी म्हणजे खरंच उलटी, वरची बाजू खाली. जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून गाळून बाहेर टाकायचं, मागे राहील ते गिळायचं. चहाची गाळणीच. बहुतेक सगळे धाकटे रोहित, चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. अधूनमधून उंच थोरले, पांढरट, गुलाबी चोचीला काळं टोक. धाकट्यांची गाळणी बारीक, ते मुख्यतः शेवाळावर जगतात. थोरल्यांना किडे, कोळंबीची पिल्लं, शिंपलेही चालतात.

तुझ्यासाठी खास माहिती. मधोमध मागे वाकणारा जो त्यांचा गुडघा वाटतो, तो गुडघा नव्हेच. घोटा आहे! खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. आणि तू आता जसा एका पायावर कुबडी घेऊन उभा राहतोस, तसे ते तासन्‌तास उभे राहून झोपतात. २०१७ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मेलेला फ्लेमिंगो एका पायावर उभा करून पाहिला. राहिला की! स्नायूंचा काही जोर न लागता सांध्याची रचनाच भार पेलते. दोन पायांवर मात्र तो डगमगत होता. तुझ्या डॉक्टरला सांगून बघ.

तात्यांना दुर्बीण दिली. तुला आठवत असेल, त्यांनी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात काढली. कळव्याच्या पुलावरून त्यांची बस जायची आणि संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा कानामागे कधी निळं, कधी जांभळं असायचं. बराच वेळ बघून म्हणाले, ‘शेड एक नाही. दोन-तीन बॅच मिक्स झाल्यात.’

मुलगी हसली. म्हणाली, काका, बरोबर आहे. पिल्लू राखाडी असतं. रंग जन्मतः नसतो, खाण्यातून येतो. त्या शेवाळातलं रंगद्रव्य पिसांत उतरतं, जितकं खाणं चांगलं तितका रंग पक्का, आणि पूर्ण चढायला दोन-तीन वर्षं जातात.

‘आणि इतकं शेवाळ इथं कशामुळे?’

तिनं सांगितलं ते असं. खाडी उथळ, पाणी उबदार, आणि दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी तिच्यात येतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ फोफावतं. म्हणून नव्वदच्या दशकापासून हे पक्षी शिवडीला आणि या खाडीत मोठ्या संख्येनं यायला लागले. आता एखाद्या मोसमात लाखाच्या वर मोजणी गेलीय.

तात्या उठून उभेच राहिले होडीत. ‘म्हणजे आम्ही पोसले की यांना! आमचं पाणी इथंच यायचं. सोमवारी निळं, गुरुवारी लाल.’ होडीतले लोक हसायला लागले.

मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हातारबुवांना दुखवायचं नव्हतं, पण खोटंही बोलायचं नव्हतं. ‘नाही काका, कारखान्यांचं नाही. घराघरांतलं.’

‘म्हणजे संडासाचं?’

‘हो.’

‘आणि आमचं?’

‘तुमचं त्या चिखलात आहे अजून. जड धातू कुठं जात नाहीत.’

तात्या खाली बसले. डबा उघडला, मग बंद केला. एवढ्यात डोक्यावरून विमान उतरत गेलं, सांताक्रूझकडे, आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या. होडीवाला म्हणाला, दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात असंच उतरणारं विमान घाटकोपरावर थव्यात घुसलं, ३९ पक्षी गेले. आम्ही पेपरात वाचलं होतंच, पण तिथं, पक्ष्यांसमोर, ते ऐकायला वेगळं वाटलं.

होडीवाला एरवी फारसा बोलला नाही. परतताना मी सहज विचारलं, मासळी आहे का अजून? म्हणाला, ‘आमचे बापाचे टायमाला बोईट, कोलंबी, निवट्या इतकी मिलायची का टोपली उचलत नव्हती. आता जाल्यात पिशव्याच जास्ती.’ जाळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या रे. २०१५ साली अभयारण्य जाहीर झालं, जवळजवळ १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त तिवरं. तेव्हा कोळीवाड्यात धास्ती होती की आता होड्या बंद करतात की काय. आता मोसमात त्याच होडीनं पक्षी दाखवून घर चालतं, पण तो ते काही आनंदानं सांगत नव्हता. मासे धरणाऱ्यानं लोकांना पक्षी दाखवत फिरायचं, हे मलाही थोडं खटकलं. २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीतही खाडी गेली, नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातलं तिसरं स्थळ. त्याची पाटी छान रंगवलीय. तिच्याच बुडाशी थर्माकोलच्या थाळ्या अडकल्या होत्या. नवी मुंबईत हल्ली भिंतीभिंतींवर आणि चौकाचौकांत गुलाबी फ्लेमिंगो उभे केलेत. रंगवलेल्यांना चिखल लागत नाही, एवढं सुख.

अजून एक सांगायचं राहिलं. २०२२ च्या सुरुवातीला बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या लोकांनी सहा रोहितांना पाठीवर उपग्रहाची यंत्रं लावून सोडलं. त्यातल्या एकाचं नाव हुमायून, बादशहावरून नव्हे, हुमायून अब्दुलअलींवरून, पक्षीतज्ज्ञ होते ते. पुढे तो इथून गुजरातेत पोचला. कच्छच्या रणात चिखलाच्या उलट्या वाट्यांसारखी घरटी करून हे पक्षी अंडी घालतात. प्रवास बहुतेक रात्रीचा. म्हणजे आपण पंखा लावून झोपलेले असताना आपल्या डोक्यावरून जात असतील. इतकी वर्षं.

आपण काय करायचो, आठवतंय? बेलापूर रोडनं एसटी निघाली की विटावा आलं की नाक दाबायचं, आणि जो आधी सोडेल त्यानं वडापाव द्यायचा. तू रबाळ्यापर्यंत टिकायचास. त्या वासाच्या पलीकडे, तिवरांच्या मागे काय आहे, हे बघावं असं एकदाही सुचलं नाही. मी तर गेली वीस वर्षं ट्रान्स-हार्बरनं तिथून रोज जातोय, मोबाइलमध्ये डोकं घालून.

धक्क्यावर उतरल्यावर तात्यांनी खिचडी खाल्ली. देवमाशाचा सांगाडा मांडलाय केंद्रात, तो बघितला, काचेच्या टाक्यांतले मासे बघितले, त्यात त्यांचं मन नव्हतं. रिक्षात एकदम म्हणाले, ‘तो लाल गुरुवारी सोडायचा, कारण शुक्रवारी तपासणीवाला यायचा.’ मी काही बोललो नाही. काय बोलणार? मग कोपरी पूल येईस्तोवर दोघंही गप्प. पुलावर म्हणाले, ‘पण शेड काय होती रे. अशी आम्हाला कधी जमली नाही. उन्हात टिकायची नाही आमची.’

घरी आल्यावर सुनबाईला त्यांनी सगळं सांगितलं, उलट्या चोचीसकट, हातानं करून. गुरुवारचं सोडून.

आता मुद्द्याचं. पक्षी मेअखेरपर्यंत असतात, पाऊस तोंडावर आला की निघतात. एप्रिलमध्ये रंग सगळ्यात चढलेला असतो, असं ती मुलगी म्हणाली. तात्यांनी कालनिर्णयवर चैत्रातल्या एकादशीला पेन्सिलनं गोल केलाय आणि शेजारी बारीक अक्षरात ‘८.१५, दिगंबर’ लिहिलंय. मला न विचारता. तेव्हा तुझं प्लास्टर त्याआधी निघतंय का, हे डॉक्टरला विचारून कळव. होडीत चढताना एक फळी ओलांडावी लागते, तेवढंच. मी आणि तो होडीवाला मिळून तुला उचलू.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद. दुर्बिणीचं भिंग साफ करून ठेवतो, पण फार आशा धरू नकोस.

तुझा,
अन्या