रांग कुठे लागते ते आधी बघ

जळगाव,
गुरुवार, संध्याकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा नेटवर्कचा स्विच) बसवला, इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनला सगळ्यात वरचं प्राधान्य दिलं, तरी सकाळी केळीच्या भावाचे फोन सुरू झाले की आवाज तुटतोच, असं लिहिलंस. त्यातली एक ओळ फार कामाची आहे: व्यापाऱ्याचं बोलणं तुला स्वच्छ येतं, तुझं त्याला तुटक जातं. म्हणजे अडलंय ते अपलोडला. डाउनलोडला आत्ता हात लावू नकोस.

तुझी सेटिंग चुकलेली नाही भो, पण जिथे ती केलीस तिथे रांगच लागत नाही. तुमचा वजनकाटा डोळ्यांसमोर आण. केळीच्या गाड्या तुंबतात त्या काट्यापाशी. आवाराच्या रुंद फाटकावर माणूस उभा करून नंबर वाटलेस तर उपयोग काय? तिथून सगळ्या गाड्या तशाही सरळ आत येतात. तुझ्या स्विचचं राउटरकडचं पोर्ट 1 जीबीपीएसचं आणि बाहेरची लाइन 20 एमबीपीएसची. स्विचमधून पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) क्षणात निघतं आणि तुंबतं राउटरमध्ये. तिथे फोन कोणता, कॅमेरा कोणता, हे बघणारं कोणी नाही. ती रांग राउटरमधून काढून स्विचमध्ये आणायची, हे पहिलं काम.

आता लाइन कोण खातंय ते बघ. जी.711 कोडेकचा (आवाज डेटात बदलायची एक पद्धत) एक कॉल इथरनेटच्या हेडरसकट (पॅकेटवरच्या पत्त्याच्या माहितीसकट) एका दिशेला साधारण 87 केबीपीएस घेतो. पाचही फोन एकदम चालू असले तरी अर्धा एमबीपीएस होत नाही. उलट मालक घरून मोबाइलवर सहा कॅमेरे मेन स्ट्रीमवर (पूर्ण दर्जाच्या चित्रावर) उघडतात. एका कॅमेऱ्याला 4 एमबीपीएस लावलेत, म्हणजे सहांचे 24. लाइन 20 ची. त्या वेळी फोनचं पॅकेट कॅमेऱ्यांच्या मागे खोळंबणारच. एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रात) मोबाइलसाठी सब स्ट्रीम (हलक्या दर्जाचं चित्र) लावून दे, निम्मा त्रास तिथेच संपेल.

मग अपलोड मोज. लॅपटॉप केबलने जोडून सकाळी, दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास मोज आणि सगळ्यात कमी आकडा धर. समज 18 आला. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर इग्रेस शेपिंग (पोर्टातून बाहेर जाणाऱ्या डेटाचा वेग बांधणं) 17 एमबीपीएसला लाव. चौकट केबीपीएसमध्ये असते, तिथे 17000 लिही. काही स्विच 64 च्या पटीतच आकडा घेतात. तसं असेल तर 16960, वरचा पट घेऊ नकोस. शेपिंगचा आकडा लाइनपेक्षा जास्त झाला की रांग परत राउटरमध्ये गेली. आणि इग्रेसच्या जागी चुकून इन्ग्रेस (पोर्टात आत येणाऱ्या डेटाची मर्यादा) लावू नकोस. इन्ग्रेसची मर्यादा जादा पॅकेट थांबवून ठेवत नाही, फेकून देते, आणि राउटरच्या पोर्टवर ती लागली तर डाउनलोडच कापलं जाईल.

हे टिकायचं तर बाहेर जाणारं सगळं या एकाच पोर्टातून गेलं पाहिजे. एनव्हीआर थेट राउटरच्या मागच्या पोर्टला लावलेला असेल तर काढून स्विचला लाव. राउटरचं स्वतःचं वायफाय बंद कर आणि वायफायचा वेगळा अॅक्सेस पॉइंट स्विचवर घे. नाहीतर हमाल-ड्रायव्हरांचे मोबाइल बाजूच्या वाटेने निघून जातील आणि स्विचला कळणारही नाही.

रांग स्विचमध्ये आली की प्राधान्याला अर्थ येतो. फोनमध्ये आवाजाच्या पॅकेटचा डीएससीपी (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) 46 हवा. इथे एक ठेच हमखास लागते. काही फोनमध्ये चौकट डीएससीपीची नसून टीओएस बाइटची (डीएससीपी ज्यात बसतो त्या अख्ख्या बाइटची) असते, तिथे 46 नाही, 184 लिहायचं, म्हणजे 46 गुणिले 4. तिथे 46 लिहिलं तर स्विच ते 11 असं वाचतो आणि फोन साध्या रांगेत जातो. फोनच्या पोर्टवर ट्रस्ट डीएससीपी कर, म्हणजे स्विच ती खूण मानेल; पुष्कळ स्विचवर ट्रस्ट मुळात बंद असतो आणि खूण वाचलीच जात नाही. मॅपिंगच्या तक्त्यात (कोणती खूण कोणत्या रांगेत जाते त्या यादीत) 46 सगळ्यात वरच्या रांगेला जोड. वरची म्हणजे कितवी, ते मॅन्युअलात बघून घे. कुठे मोजणी 0 पासून असते, कुठे 1 पासून.

एनव्हीआरच्या पोर्टवर ट्रस्ट नको. तिथे पोर्टची डीफॉल्ट 802.1पी किंमत (स्विचच्या पातळीवरची प्राधान्याची खूण, 0 ते 7) 1 ठेव. 1 म्हणजे 0 च्या वर असं वाटतं, पण ठरलेल्या मॅपिंगमध्ये 1 ही पार्श्वभूमीच्या कामाची, 0 च्याही खालची रांग आहे. एकदा तुझ्या स्विचचा तक्ता उघडून खात्री कर.

शेड्यूलरमध्ये (कोणत्या रांगेतलं आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) फक्त आवाजाची रांग स्ट्रिक्ट (नेहमी आधी) ठेव, बाकीच्या वेटेड राउंड रॉबिनवर (ठरल्या वाट्याने आळीपाळीने). सगळ्याच स्ट्रिक्ट केल्या तर वरची भरलेली असेपर्यंत खालच्याला काहीच मिळत नाही, आणि वजनकाट्याचा संगणक बिलं पाठवायचा थांबेल. काट्याच्या संगणकाला मधली रांग पुरे.

सगळ्या पोर्टवरचा फ्लो कंट्रोल बंद कर. तो चालू असला की एखादं भरलेलं यंत्र पॉज फ्रेम (थांब असा निरोप) पाठवतं आणि स्विच त्या पोर्टावरचं सगळंच थांबवतो, आवाजासकट. स्विचला लागलेल्या केबलच्या पोर्टचे काउंटरही (किती पॅकेट गेली, किती बिघडली ती मोजणी) बघ. एका टोकाला 100 फुल (100 एमबीपीएस, दोन्ही दिशा एकाच वेळी) पक्कं आणि दुसऱ्या टोकाला ऑटो असेल तर ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) जातं. लेट कोलिजन आणि सीआरसी एरर (पॅकेटच्या टकरी आणि बिघाड) वाढत जातात आणि प्राधान्य कितीही दिलं तरी आवाज तुटतो. दोन्ही टोकं ऑटोवर ठेव.

तपासताना फसू नकोस. कॅमेरे चालू ठेवून साधं पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणं) केलंस तर वेळ वाढलेलाच दिसेल, कारण त्या पॅकेटवर खूण नसते आणि ते साध्या रांगेत उभं राहतं. लिनक्सच्या लॅपटॉपवर पिंगला मोठ्या क्यूचा (-Q) पर्याय देऊन 184 लिही, लॅपटॉपच्या पोर्टवरही ट्रस्ट ठेव. खुणेचं आणि बिनखुणेचं पिंग शेजारी-शेजारी चालव. खुणेचं स्थिर आणि बिनखुणेचं हेलकावत असेल तर काम झालं. दोन्ही सारखीच हेलकावत असतील तर रांग बहुतेक अजून राउटरमध्ये आहे. शेपिंग 16000 वर आण आणि पुन्हा बघ. राउटरच्या पुढे इंटरनेटवर ही खूण कोणी मानेलच असं नाही, तिथलं आपल्या हातात नाही.

सगळं जमलं की सेव्ह कर. अप्लाय दाबलं तरी बदल चालू कॉन्फिगरेशनमध्येच राहतो, स्टार्टअपमध्ये वेगळा सेव्ह करावा लागतो, आणि तुमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. फाइलची एक प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेव. आणि स्विच पत्र्याच्या केबिनमध्ये असेल तर मेच्या आत हलव. बाहेर 45 अंश असताना पत्र्याखाली त्याहून जास्त होतं, आणि पुष्कळ स्विच 40 ते 50 अंशांपर्यंतच चालवायचे असतात. पॅकहाऊसच्या विटांच्या खोलीत, भिंतीच्या उत्तरेच्या बाजूला बरं.

अपलिंक पोर्टच्या (राउटरकडे जाणाऱ्या पोर्टच्या) रांगांचे काउंटर आणि मॅपिंगचा तक्ता, दोन्हींचे फोटो पाठव. सकाळी नऊच्या सुमाराचे काढ, तेव्हाच भार असतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
जळगावचा मित्र