अणुभट्टी विकणाऱ्याला मोकळं का सोडलंत?

मा. अणुऊर्जा राज्यमंत्री, भारत सरकार,
सविनय नमस्कार.

मी माडबनजवळचा, जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या शेजारचा आंबा बागायतदार. संसदेने डिसेंबर 2025मध्ये अणुऊर्जेचा नवा कायदा केला, त्याला 'शांती' नाव दिलं आणि अणुअपघाताच्या भरपाईच्या 2010च्या कायद्यात आमच्या बाजूची जी एक ओळ होती, ती पुसली. सदोष भागामुळे अपघात झाला तर भट्टी पुरवणाऱ्या कंपनीकडून वसुली करता येईल, अशी ती ओळ होती. आता करारात तसं लिहून घेतलं असेल तरच. आणि असं कोण लिहून देतो, साहेब?

पंधरा वर्षं आम्हाला एकच ऐकवलं, धोका नाही म्हणून. मग विकणाऱ्याला जबाबदारीची एवढी भीती का? त्याची भीती तुम्हाला पटली, आमची का पटत नाही?

डिसेंबर 2010मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दिल्लीत आले, करार झाला. आधी दोन, पुढे मिळून सहा भट्ट्या, प्रत्येकी 1,650 मेगावॉट. तीन महिन्यांत फुकुशिमा झालं, दीड लाखावर माणसं घरं सोडून गेली. पुढच्याच महिन्यात, 18 एप्रिल 2011ला, शेजारच्या साखरी नाटे गावात, प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक तरुण मच्छीमार गेला. भट्टी उभी राहण्याआधीच माणूस गेला.

प्रकल्पासाठी आमचा तुकडा मोजायला आलेल्या माणसाने कातळ बघितला आणि 'पडीक' लिहिलं. त्याच कातळात सुरुंग लावून, डोक्यावरून माती वाहून माझ्या वडिलांनी हापूसची कलमं लावली होती. त्यांनी भरपाईचा धनादेश घेतला नाही. "पैसे घेतले की तोंड बंद," म्हणायचे. शेवटच्या आजारपणात मी कर्ज काढलं, ते त्यांना कळू दिलं नाही. सातबारा उशाशी ठेवून गेले. नव्या उताऱ्यावर आमचं नाव उरलं नव्हतं, तो मी त्यांना कधी दाखवलाच नाही.

कोळसा नको, हे मलाही पटतं. अवेळी पावसाने माझाच मोहर गळतो. पण हीच भट्टी फ्रान्सने फ्लामांविलला 2007मध्ये बांधायला घेतली, तिची वीज डिसेंबर 2024मध्ये आली. 3.3 अब्ज युरोंचा खर्च 13 अब्जांवर गेला. फिनलंडची 2005ला बांधायला घेतली, 2023मध्ये नियमित चालू झाली. ज्यांची भट्टी, त्यांच्याकडे एकीला सतरा वर्षं लागली, तर इथे सहांना किती लागतील? ती वीज काय भावाने पडेल? आणि जळालेलं इंधन? त्यातलं प्लुटोनियम निम्मं व्हायलाच 24,000 वर्षं लागतात. तेवढी वर्षं राखण कोण करणार? नाटे गावचे मच्छीमार विचारतात, भट्ट्या थंड करून आलेलं गरम पाणी आमच्याच समुद्रात सोडणार, मग मासळी थांबेल का? त्यांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

हे फक्त तुमच्या खात्याचं नाही. दाभोळला एन्रॉन ही वीज कंपनी आणली, ती 2001मध्ये बंद पडली. नाणारला रिफायनरी आणली, लोकांनी नको म्हटलं, तर तीच बारसूला नेली. दर वेळी आमचा सडा, म्हणजे हा कातळाचा माळ, ओसाड ठरतो, आम्ही विकासाचे वैरी ठरतो, निर्णय आधी होतो आणि आमचं म्हणणं मागाहून ऐकलं जातं. ग्रामसभेचा ठराव तुमच्या दिल्लीत कोण वाचतं?

पुरवठादाराच्या जबाबदारीची ओळ परत आणा. विजेचा दर आणि कचऱ्याची जागा मराठीत लिहून गावात द्या. आणि एकदा स्वतः या, मोहराच्या दिवसांत. प्रकल्पाच्या कुंपणाच्या आत वडिलांची चौदा कलमं अजून उभी आहेत. ती मोजा, आणि मग कागदावर काय लिहायचं ते लिहा.

आपला,
माडबन परिसरातला एक बागायतदार