आधी आम्हाला अर्ज भरता येऊ दे, मग कंत्राटदाराचं बिल काढा

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री

महोदय,

मी जन्मांध आहे. संगणक स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आवाजात माझ्याशी बोलतो. माउसचा मला उपयोग नाही, सगळा कारभार टॅब कीवर.

मध्यंतरी एका सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला बसलो. टॅब दाबला. "एडिट, रिकामे." पुन्हा दाबला. "एडिट, रिकामे." यातली माझ्या नावाची चौकट कुठली आणि वडिलांच्या नावाची कुठली? चौकटीशेजारी ते लिहिलेलं असतं म्हणे, पण कोडमध्ये लेबल चौकटीला जोडलेलंच नव्हतं. अंदाजाने भरत गेलो. जन्मतारखेचं कॅलेंडर माउसशिवाय कुणालाच दाद देईना. शेवटी कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे हे ठरवायला चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायची परीक्षा, आणि त्याला ऐकण्याचा पर्याय नाही. शेजाऱ्यांना हाक मारून आणेपर्यंत सेशन संपलं, भरलेलं सगळं गेलं. दुसऱ्यांदा अर्ज त्यांनीच भरला. माझा पत्ता, उत्पन्न, खाते क्रमांक, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलं. 'आपली माहिती कोणालाही सांगू नका' ही सूचना मात्र स्क्रीन रीडरने अगदी खणखणीत वाचली.

त्याच पानाच्या माथ्यावर अक्षरं लहान-मोठी करायची बटणं आणि व्हीलचेअरचं चिन्ह होतं, असं शेजारी म्हणाले. म्हणजे कागदोपत्री काम झालेलं! अक्षरं मोठी करायची सोय ब्राउझरमध्ये असतेच. मूळ फॉर्म मोडका ठेवून वर असली पट्टी चिकटवण्यावर पैसा जाऊ नये.

नियम शोधायला कुठे जायला नको. वेब सुगम्यतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, म्हणजे डब्ल्यूसीएजी, पहिल्यांदा १९९९ मध्ये आली. २०२३ मध्ये त्यांची २.२ ही आवृत्ती निघाली. वेळ संपण्याआधी सूचना देऊन मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत, इतकं बारीक त्यात लिहिलंय. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा, हेही. बहिऱ्यांसाठी व्हिडिओला कॅप्शन, हात थरथरणाऱ्यांसाठी पुरेशी मोठी बटणं, हे सगळं तिथेच सापडेल.

मग अडतं कुठे? माझ्या मते तपासणीत. चित्राला स्क्रीन रीडरने वाचायचं वर्णन आहे की नाही, हे तपासणीचं सॉफ्टवेअर सांगू शकतं. पण त्या वर्णनात 'इमेज १' एवढंच असलं तरी ते खुशाल पास करतं. प्रमाणपत्र मिळतं, उद्घाटन होतं, आणि आम्ही "एडिट, रिकामे" ऐकत बसतो.

म्हणून मागणी एकच. प्रत्येक निविदेत अट घाला: अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि हाताने अधू अशा वापरकर्त्यांनी नोंदणीपासून पावतीपर्यंतचं काम कुणाच्याही मदतीविना पूर्ण केल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, तेव्हा खर्चाची सबब नको. नंतर दुरुस्त करू, हेही नको. तयार भिंत फोडून दार बसवण्यापेक्षा नकाशातच दार काढणं स्वस्त पडतं.

चाचणीला मी स्वतः यायला तयार आहे. मानधन मात्र घेईन. इतर तपासनीस घेतात तसंच.

आपला,
एक स्क्रीन रीडर वापरणारा नागरिक

ता. क. उत्तर पाठवाल तर सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पीडीएफ धाडू नका. ते नुसतं चित्र असतं, माझ्याकडे कोरं पान म्हणूनच पोहोचतं.