बेदाण्याच्या पुडीवाल्या काकूंना

काकू, नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगायचा दोन-तीनदा प्रयत्न केला मी, पण "काकू तुमच्यामुळे" एवढं म्हटलं की तुम्ही "बरं ठेव गं आता, दूध ठेवलंय गॅसवर" म्हणता आणि फोन ठेवून देता, म्हणून लिहायला बसले. तुमच्या नातवाला पाठवतेय, तो वाचून दाखवेल. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण डायलिसिसच्या वेटिंगमध्ये आत्ता या क्षणी कुणीतरी मी बसले होते तसंच बसलं असणार.

मार्च २०२४. बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडलीय ते रक्तात दाखवणारा आकडा, अकराच्या वर गेलेलं, डायलिसिससाठी मानेत कॅथेटरची नळी घातलेली, मी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आले ती बॅगेसकट थेट मिरजेत हॉस्पिटलला. सकाळी घरी जाऊन आंघोळ केली आणि येताना दोन शहाळी घेतली, आजारी माणसाला शहाळं न्यायचं एवढंच डोक्यात होतं. तुम्ही त्या लोखंडी बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात, मला ओळखतही नव्हता, आणि तिथनंच म्हणालात, "पोरी, ते शाळं आत नेऊ नको. त्यात पोट्याशम असतंय, किडनीवाल्याच्या हार्टला धरतंय." मी बघतच राहिले. मग तुम्ही सरकून जागा दिलीत.

त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं की हे किती दिवस करायला लागतं हो, बरं कधी होतं. तोपर्यंत मी ज्याला ज्याला विचारलं तो म्हणायचा होईल सगळं नीट, धीर धर, देवावर भरवसा ठेव. तुम्ही जरा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "हे बरं व्हायचं दुखणं न्हाई बाळा. हे सांभाळायचं दुखणं हाय. आठवड्याला तीनदा, चार-चार तास, असंच. आमच्यास्नी तीन वर्सं झाली." मला राग आला होता तुमचा, खरं सांगते. घरी जाऊन खूप रडले. पण त्या रात्री मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट झोपले कारण आता काय ते समजलं होतं आणि कुणीतरी तीन वर्षं ते करून समोर बसलेलं दिसलं होतं.

पाण्याचं तर तुम्ही शिकवलंत म्हणून बाबा आज आहेत असं मला वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं दिवसाला सगळं मिळून एक लिटर, पण ते मोजायचं कसं हे कुणी सांगतं का, चहा धरायचा, आमटी धरायची, ताक धरायचं, औषधाचं पाणी धरायचं, पहिल्या महिन्यात बाबा अंगात साठलेल्या पाण्यानं प्रत्येक वेळी तीन-चार किलो जास्त भरायचे आणि एवढं पाणी मशीननं ओढलं की शेवटच्या तासात पायात गोळे यायचे, बीपी खाली जायचं, ओरडायचे अक्षरशः. बाहेर काचेतून मी बघायचे. तुम्ही तुमची बाटली दाखवलीत. सकाळी एक लिटरची बाटली भरून ठेवायची आणि माणूस जे काही पिईल, कपभर चहा प्याला तर कपभर पाणी बाटलीतनं काढून झाडाला घालायचं, वाटीभर आमटी घेतली तर वाटीभर काढायचं, बाटली संपली की दिवस संपला. एवढंच. आईनं तुळशीशेजारी बाटली ठेवली, बाबांना स्वतःला दिसायला लागलं किती उरलंय, आणि तीन आठवड्यांत वाढ दोन किलोच्या आत आली. तहान पाण्यानं नाही मिठानं लागते हेसुद्धा तुमचंच, पापड-लोणचं बंद केलं आणि अर्धी तहान गेली. आणि एका नातेवाईकांनी बीपीवाल्यांचं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणून दिलेलं ते मी सहज तुम्हाला सांगितलं तर तुम्ही किती रागावलात, त्यात सोडियम काढून तेच पोटॅशियम घातलेलं असतं हे मला कुठं माहीत होतं! भाज्या बारीक चिरून भिजवायच्या, मग भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं. आईला ते पाणी फेकताना जीवावर यायचं, तिला जन्मभर उलटं शिकवलेलं ना.

पैशाचं लिहू का नको असं वाटत होतं पण लिहिते. पहिले दीड महिने आम्ही प्रत्येक डायलिसिसचे पैसे भरले, आईच्या पाटल्या त्यात गेल्या. हॉस्पिटलात कुणीही, एकानंही सांगितलं नाही की सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस फुकट होतं. तुम्ही माझ्या हातातली पावती बघितलीत आणि विचारलंत, "रेशनकार्ड कंचं हाय तुमचं?" केशरी म्हटल्यावर तुम्ही उठलात, काकांचं मशीन चालू असताना, आणि माझा हात धरून योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापर्यंत नेलंत. आधार आणि रेशनकार्डावर बाबांचं नाव वेगवेगळं लिहिलेलं होतं, तेवढ्या एका काना-मात्रेसाठी मी तीन हेलपाटे घातले तहसीलला, आणि प्रत्येक वेळी तुम्ही फोन करून विचारायचात झालं का. ज्या दिवशी मंजुरी आली त्या दिवशी मी पुण्यातल्या नोकरीचा राजीनामा पाठवला. त्यांनी घरून काम करायला तीन महिने दिले असते, पुढं नाही. आता मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब बघते, मंगळवार गुरुवार शनिवार डायलिसिसपुरती सुटका मिळते, पगार निम्मा आहे पण चालतंय.

फिस्टुला झाला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली शीर धमनीला जोडली, तेव्हाचं आठवतं का? बाबा शिंपी माणूस, हाताला धक्का म्हणजे पोटाला धक्का, डॉक्टरांनी डाव्या हातात केला तरी ते दोन दिवस बोलले नव्हते कुणाशी. तुम्ही काकांनाच पाठवलंत त्यांच्याकडं. काकांनी शर्टाची बाही वर केली आणि बाबांचं बोट धरून स्वतःच्या मनगटावर ठेवलं, "बघा, मांजर गुरगुरतंय न्हवं आत?" मग बाबांनी आपल्या हातावर ठेवून बघितलं. तेव्हापासून रोज सकाळी उठल्या उठल्या बाबा आधी ते गुरगुरणं बघतात आणि मग देवाला हात जोडतात. त्या हाताचं बीपी नाही, रक्त काढायचं नाही, त्यावर झोपायचं नाही, घड्याळ नाही, सगळं काकांनी पाठ करून घेतलं. जूनमध्ये मानेतली नळी निघाली आणि बाबा साडेतीन महिन्यांनी डोक्यावरनं पाणी घेऊन आंघोळीला बसले, आई बाहेर उभी राहून हसत होती नुसती.

बेदाण्याचं मला कधीच विसरता येणार नाही. तुमचा एक एकर द्राक्ष, शेडवर वाळवलेले तुमच्याच बागेतले हिरवे बेदाणे, आणि काकांना त्यातला एक चालत नाही. पिकवलेलं सगळं तासगावच्या सौद्याला जायचं आणि त्यातली एक पुडी तुम्ही माझ्यासाठी आणायचात. कागदाच्या पुडीत मूठभर. "तू खा, तुझ्या तोंडावर रगत न्हाई" म्हणायचात आणि काका आत गेल्यावरच पुडी बाहेर काढायचात, ते असताना कधीच नाही. माझं हिमोग्लोबिन किती हे त्या वर्षात तुमच्याशिवाय कुणी विचारलं नाही हो.

मग जुलैचा शेवटचा आठवडा. आमचं घर सांगलीवाडीत, २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या घरात गेलेलं तेव्हा आमच्या माळ्यापर्यंत आलेलं, बाबांची शिलाईची दोन्ही मशीनं गेली. तेव्हा बाबा धडधाकट होते. आता रस्ता दोन दिवस बंद झाला तर? ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका असं आम्ही मोजत बसायचो आणि तुम्ही फोनवर म्हणालात, "चाळीसची वाट बगू नका. पाणी चढतंय ऐकलं की निगायचं." आणि तुमच्या बहिणीचं मिरजेतलं घर आमच्यासाठी उघडलंत. चार रात्री राहिलो आम्ही तिघं तिथं, त्या माउलीनं आम्हाला आयुष्यात पहिल्यांदा बघितलेलं, आणि बाबांची भाजी दोनदा उकळून वेगळी काढून ठेवायची, तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे. पाणी उतरलं, घरी आलो. एकही डायलिसिस चुकलं नाही. त्यांचे पण आभार मानायचे राहिलेत, तेवढे तुम्ही पोचवा.

त्याच्याआधी जूनमध्ये वर्ल्डकपची फायनल होती शनिवारी रात्री. शनिवारी डायलिसिस करून आले की बाबा गळून झोपायचे ते दुसऱ्या दिवशीच उठायचे, पण त्या रात्री जागले, सूर्यकुमारनं बाउंड्रीवर तो कॅच घेतला तेव्हा उभे राहिले! आणि मंगळवारी बाबा आणि काका शेजारशेजारच्या बेडवर चार तास तेवढ्या एका कॅचवर बोलत होते, टेक्निशियन दादा पण त्यात. मी काचेतून बघितलं तर दोघांच्या हातात सुया आणि दोघं हसतायत.

दिवाळीचा पाडवा पण शनिवारीच आला, २ नोव्हेंबर. मशीनला सण नसतो. तुम्ही पहाटेच्या एसटीनं कवठेमहांकाळहून निरांजन, सुपारी, कुंकू सगळं घेऊन आलात, आत दिवा लावता येणार नाही म्हणून गेटबाहेर झाडाखाली काकांना उभं केलंत आणि ओवाळलंत. आईला मी मुद्दाम आणलं होतं त्या दिवशी. तिनं घरी काहीच केलेलं नव्हतं, तिला वर्षभर कशाचंच मन नव्हतं. तुम्ही तुमचं ताट तिच्या हातात दिलंत. काही बोलला नाहीत, नुसतं दिलंत. आणि बाबांनी पिशवीतनं काकांसाठी शिवलेली पांढरी टोपी काढली, आठ महिन्यांत शिलाई मशीनवर बसून शिवलेली पहिली वस्तू होती ती, काकांनी जुनी खिशात घातली आणि नवी चढवली, तसेच आत जाऊन वजनकाट्यावर उभे राहिले. आई येताना रिक्षात म्हणाली, पुढच्या वर्षी ताट आपण न्यायचं.

मी माझी किडनी द्यायचं म्हटलं तेव्हा बाबांनी जेवणाचं ताट सरकवलं होतं. सगळे मला शहाणपण शिकवत होते, कुणी म्हणे द्यायलाच पाहिजे, कुणी म्हणे लग्न व्हायचंय पोरीचं. तुम्ही म्हणालात, "बापाला आज उत्तर मागू नको. तपासण्या तेवढ्या करून ठेव." मी करून ठेवल्यात काकू. बाबांनी अजून उत्तर दिलेलं नाही, पण फाईल कपाटात कुठं आहे ते त्यांना माहीत आहे आणि त्यांनी ती तिथनं हलवलेली नाही.

जानेवारीत काकांना तुमच्या घराजवळच्या सरकारी केंद्रात जागा मिळाली. दिवसाचे एसटीचे चार तास वाचणार, पहाटे तीनला उठायला नको, तुमची छाटणी-फवारणी तुमच्या डोळ्यासमोर होणार, मला खरंच खूप आनंद झाला होता आणि तुम्ही सांगितलंत तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. पुढच्या मंगळवारी बाबांनी शेजारच्या बेडवर कोण आहे ते बघितलंच नाही, भिंतीकडं तोंड करून पडले. आता बोलतात त्या नव्या माणसाशी. जतकडचे आहेत, तरुण आहेत, बायको बरोबर येते, कडेवर लहान मूल. परवा तिच्या हातात शहाळं होतं. मी सरकून जागा दिली.

मार्च गेला, वर्ष झालं. आभार मानते काकू, आता फोन ठेवता येणार नाही तुम्हाला. यंदा बेदाण्याला दर काय मिळाला ते कळवा, पुडी पाठवू नका, मीच येणार आहे रविवारी आईला घेऊन. बाबांचं ड्राय वेट, म्हणजे जादाचं पाणी काढल्यावरचं वजन, ५४ किलोवर आलंय, परवा दीड किलोच जास्त भरलं. काकांचं किती आहे?

तुमची,
सांगलीवाडीची पोर