नुसती 'कावीळ' छापू नका, पुढचं अक्षरही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की तुमच्याकडे (सगळ्याच पेपरांत म्हणा) बातमी येते, अमक्या वाड्यावर काविळीची साथ, इतके रुग्ण. पण कुठली कावीळ ते कधीच नसतं. ए, ई, बी का सी? (लिव्हरला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस व्हायरसांची ही अक्षरं.) माझी अख्खी नोकरी लॅबमध्ये गेली त्यामुळे हे फार खटकतं. तुम्ही म्हणाल एका अक्षरानं काय होतंय, तर त्यातल्या एका अक्षरापायी एका माणसाची किती वर्षं गेली ते सांगतो.

हार्वी आल्टर, अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या ब्लड बँकेतले डॉक्टर. साठच्या दशकात तरुण असताना ते बरूच ब्लुमबर्ग या शास्त्रज्ञांसोबत काम करत होते, तेव्हा एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक वेगळंच प्रोटीन सापडलं, ते पुढे हिपॅटायटिस बीचं निघालं आणि ब्लुमबर्गना 1976 ला नोबेल मिळालं. बीची टेस्ट आली, आता रक्त चढवल्यावर होणारा हिपॅटायटिस थांबेल असं सगळ्यांना वाटलं. कमी झाला, पण थांबला नाही. आल्टर ऑपरेशनच्या पेशंटांचं रक्त आधी घ्यायचे, नंतर घ्यायचे आणि नळ्या फ्रीझरमध्ये जपून ठेवायचे. बऱ्याच जणांचे डोळे पिवळेही होत नव्हते हो, नुसता एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेला. 1975 मध्ये कळलं की हे ए पण नाही आणि बी पण नाही, म्हणून नावच पडलं 'नॉन ए नॉन बी'.

पुढची चौदा वर्षं तेच नाव. मधे कुठली ना कुठली लॅब म्हणायची आम्हाला व्हायरस सापडला, की आल्टर नुसते कोड नंबर घातलेल्या नळ्या पाठवून द्यायचे, ओळखा यातल्या बाधित कुठल्या. सगळे नापास! 1989 मध्ये कायरॉन कंपनीतल्या मायकेल हौटन यांच्या टीमची टेस्ट पास झाली आणि हिपॅटायटिस सी हे नाव मिळालं. 2020 ला आल्टर, हौटन आणि याच व्हायरसवर काम केलेले चार्ल्स राईस यांना नोबेल, आल्टर तेव्हा 85 वर्षांचे. मला त्या नळ्यांचंच कौतुक जास्त, कारण फ्रीझर भरला की जुनी सॅम्पल फेकायची ऑर्डर येते हे मी नोकरीभर बघितलंय.

आता घरचं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याचे डोळे पिवळे झाले. लगेच डोक्यावर काविळीची माळ, भुंयआवाळ्याचा रस, तेल-मासळी बंद. महिन्यात बरा, वैदाचं नाव झालं. माळ 'उतरते' कारण ओल्या काड्या सुकून आक्रसतात आणि दोरा सैल होतो, आणि ए-ई बहुतेकांची आपोआपच बरी होते, श्रेय माळेला. ह्याची बी होती. कुणी तपासलंच नाही, मी लॅबवाला असून गप्प राहिलो, सासुरवाडीत कोण तोंड उघडणार. पुढे लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालं तेव्हा टेस्ट केली. जन्मात फेणीला हात न लावलेला माणूस, तरी वाड्यावर सगळे म्हणाले, चोरून पीत असणार.

म्हणून अक्षर पाहिजे. ई असेल तर पाणी तपासा आणि आधी गरोदर बायकांकडे बघा. 1978 च्या काश्मीरच्या साथीत त्याच जास्त दगावल्या, डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी तेव्हाच दाखवलं होतं की हा ए नाही, बी नाही, पाण्यातून येणारा वेगळाच आहे. बी असेल तर (ती रक्तातून पसरते) विहिरीत क्लोरीन टाकून काय उपयोग, घरच्यांची टेस्ट करा, लस द्या, जत्रेत आणि बीचवर टॅटू काढणाऱ्याची सुई बघा. बाळाला तर जन्मल्यावर 24 तासांत लस हवी. सी असेल तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांत बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात आणि 2018 पासून सरकारी कार्यक्रमात ते औषध फुकट आहे, हे किती जणांना माहितीय?

तुमच्या रिपोर्टरला हेल्थ सेंटरमध्ये एवढंच विचारायला सांगा, टेस्ट कुठल्या केल्या आणि पॉझिटिव्ह काय आलं. केल्याच नाहीत म्हणाले तर तसंच छापा.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, फोंडा